डोमाजीचं हाड

"वो बाई! भूक लागली काय? दगडं कायले चाटता?"

मी वाळूत गुडघे टेकून, डोळे मिटून, जीभ बाहेर काढून ती एका दगडाला लावली होती. असल्या वेळी आपल्याला कुणी पाहू नये, एवढीच माणसाची माफक अपेक्षा असते. मी दचकले, दगड हातातून सुटला आणि माझ्याच पायाच्या अंगठ्यावर पडला.

मागे एक बाई उभी होती. कमरेवर धुण्याचं गाठोडं, कपाळावर ठसठशीत कुंकू, वयानं माझ्यापेक्षा थोडी मोठी. ती इतकी हसत होती की तिला गाठोडं खाली ठेवावं लागलं.

"भाकर देऊ काय?" ती म्हणाली. "संगं ठेचा बी हाय. दगडापेक्षा बरा लागन."

"हसा, हसा," मी अंगठा चोळत म्हणाले. "हे माझं काम आहे."

"दगड चाटाचं? आमच्या गावात हे काम बकऱ्या करतात."

ही इंद्रकला. इंद्रकला पचारे, निंबाळघाटच्या ढिवरांची, म्हणजे मासेमाऱ्यांची, सून. चाळीसेक वर्षं होऊन गेली या गोष्टीला. मी तेव्हा नागपूरला भूशास्त्रात संशोधन करत होते आणि पावसाळा सरून वर्धा नदीचं पाणी उतरलं की काठाकाठानं दगड झालेली लाकडं आणि हाडं शोधत फिरत होते. गावानं मला शाळेची एक खोली दिली होती. माझं नाव सुलभा पांढरीपांडे, पण ते गावात कुणाच्याच तोंडी बसलं नाही. आधी मी 'दगडवाली बाई' होते. त्या सकाळनंतर इंद्रकलेनं माझं बारसं केलं आणि मी कायमची 'चाटूबाई' झाले.

लोकांनी हसावं याचं मला काही वाटत नव्हतं. पण उगाच वेडी म्हणून हसावं हे काही खपत नव्हतं, म्हणून तिला बसवून मी सगळं समजावलं. दगड झालेलं हाड आणि साधा दगड डोळ्याला सारखेच दिसतात. पण हाडात बारीक बारीक भोकं असतात. ओली जीभ लावली की ते जीभ धरून ठेवतं. दगड धरत नाही.

"हात्तिच्या!" ती म्हणाली. "पोटुशा बाया चुलीची माती चाटतात, थे बी जीभ धरते."

"तसंच."

तिनं वाळूतला खापराचा एक तुकडा उचलला, पदरानं पुसला आणि जिभेला लावला. तो लटकून राहिला. जिभेला खापर लोंबतंय अशा अवस्थेत ती डोळे तिरळे करून त्याच्याकडे बघत होती. आता हसायची पाळी माझी होती.

मग ती धुवायला बसली आणि मी ओरडले, "थांबा!"

ज्यावर ती लुगडं आपटत होती तो लांबट, तपकिरी दगड म्हणजे झाडाचं खोड होतं. साबणाच्या फेसाखाली त्याच्या तुटल्या तोंडावर वर्षावर्षाची वलयं स्पष्ट दिसत होती. मी दोन हंगाम हा काठ तुडवला होता, आणि एवढं सुरेख खोड गावच्या घाटावर कपडे धुवायला पडलं होतं! माणसाला काखेतला कळसा दिसत नाही म्हणतात ते खोटं नाही.

"हे झाड आहे," मी म्हणाले. "फार फार जुनं."

"झाड? मी लगीन होऊन आली तवापासून याच्यावर धुते." तिनं वलयांवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "लाकूड तर तरंगते. मंग हे दगड झालं म्हणून बुडालं, का बुडालं म्हणून दगड झालं?"

हा प्रश्न मला आमच्या विभागात कुणी विचारला नव्हता. "आधी बुडालं," मी सांगितलं. "चिखलात गाडलं गेलं. हवा लागली नाही, म्हणून कुजलं नाही. मग हळूहळू लाकूड गेलं आणि त्याच्या जागी दगड आला. आकार तोच राहिला."

"कोनाले सापडलं नाई म्हणून टिकलं," ती म्हणाली.

बोलता बोलता तिची नजर पलीकडच्या काठावर जायची, हे मी तेव्हाच टिपलं होतं. तिकडच्या पांदणीवर बैलगाडी आली, सायकल आली, कुणी डोक्यावर ओझं घेऊन चालत आलं, की तिचा हात थांबायचा. ते माणूस जवळ आलं की हात पुन्हा चालू लागायचा. कशासाठी ते मी विचारलं नाही. आमची ओळख तेवढी झालेली नव्हती.

ती झाली त्यांच्या घरी, माशाच्या कालवणावर.

घर घाटाच्या अगदी वर. दारातच एका खाटेवर तिची सासू पडलेली असायची. लहानाबाई नाव, अंगानं काटकुळी, आवाज मात्र खणखणीत. उंबऱ्यापाशी घडी घातलेलं एक कोरडं धोतर ठेवलेलं होतं. मी ते ओलांडायला गेले तशी म्हातारी कडाडली, "पाय लावू नको माय! थे डोमाचं हाय."

डोमाजी म्हणजे तिचा थोरला मुलगा, इंद्रकलेचा नवरा. तीन वर्षांमागे भादव्याच्या पुरात जाळं ओढायला गेला. दुसऱ्या दिवशी वळणावरच्या डोहात त्याची डोंगी उपडी सापडली. तो सापडला नाही. गावानं शोधला, पार खालच्या गावांना निरोप गेले. मग कुणी म्हणालं बल्लारपूरला दिसला, कुणी म्हणालं आदिलाबादकडे लाकडाच्या वखारीवर आहे. कशात काय!

"माशासारखा पोहत होता," इंद्रकला मला म्हणाली. "पुरात असा पल्याड जाऊन असा परत ये. बुडाचा मानूस नाई थो. कोठीतरी हाय."

"हाय ना," खाटेवरून म्हातारी बोलली. "रोज दिवा लागला का दारात येऊन उभा राहते. ओल्या अंगानं. आत ये मनलं तर येत नाई. ज्याचं कोनी काई केलं नाई थो घरात कसा येईन? म्हणून धोतर ठेवतो बाप्पा. पुसून घे मनतो."

धाकटा मुलगा परसराम चुलीजवळ जाळं विणत होता. त्यानं मान वर केली नाही. "पळसाच्या पानाचा पुतळा करून देऊ न आग," तो म्हणाला. "तुमी दोघीबी आयकत नाई."

"पानं जाळून माया लेक सुटते काय? त्याचं काईतरी पायजे. एक नख पायजे." म्हातारीच्या डोळ्याला धार लागली. "त्याच्यासाठी माया जीव अटकला. नाई तं मी कवाचीच गेली असती."

आणि इंद्रकला नुसती कुंकवाच्या कपाळानं भाकरी थापत होती. म्हातारीला लेकाला मोकळं करायचं होतं आणि त्यासाठी तो मेलेला हवा होता. हिला तो जिवंत हवा होता. दोघी एकाच ताटात जेवायच्या, एकमेकींची वेणीफणी करायच्या, आणि या एका गोष्टीवर कुणी तसूभर हलत नव्हतं.

विषय बदलावा म्हणून इंद्रकलेनंच मला विचारलं, "चाटूबाई, जीभ धरली का हाड, हे समजलं. पन थे हाड नवं का जुनं, हे कसं समजते?"

"निखाऱ्यावर धरायचं," मी म्हणाले. मी कामाचं बोलायला लागले की मला थांबणं माहीत नाही. "नवं हाड असलं तर केस जळल्यासारखा घाण वास येतो. आपल्या नदीकाठची जुनी हाडं पार दगड झालेली. त्यांना वासच येत नाही. दगड कुठं जळतो?"

तिनं ताटातलं माशाचं एक जाड हाड उचललं आणि चुलीत टाकलं. क्षणात असा काही वास सुटला की परसराम जाळं टाकून बाहेर पळाला.

"कोन हाड जाळते वो घरात?" खाटेवरून गर्जना झाली. "अवदसा आठवली काय?"

आम्ही दोघी पदरात तोंड खुपसून हसत होतो. इंद्रकला हसता हसता म्हणाली, "हा वास मी जन्मात विसरनार नाई."

मला त्या हंगामात एकच हाव होती. लाकडं मी ढिगानं गोळा केली होती, पण हाड एकही नव्हतं. आमचे सर म्हणाले होते, "लाकडं पुष्कळ झाली. एखादं हाड आणा, म्हणजे काठाचा हा थर किती जुना, ते खात्रीनं सांगता येईल." मी देव पाण्यात घालून बसले होते. इंद्रकला धुणं आटोपून माझ्याबरोबर काठ धुंडाळायची, चार दगड माझ्याआधी चाटून टाकायची आणि "सोडलं" म्हणून फेकून द्यायची.

आणि हाड मिळालं. पण मला नाही.

पाणी उतरलं की ढिवर लोक नदीच्या वाळूत डांगराच्या, म्हणजे टरबूज-खरबुजांच्या, वाड्या लावतात. वाळूत खड्डे घ्यायचे, तळाशी खत घालायचं आणि बी टाकायचं. परसराम त्या दिवशी डोहाजवळच्या ढासळलेल्या दरडीखाली खड्डे घेत होता. फावड्याला काहीतरी लागलं.

इंद्रकला शाळेच्या खोलीत धावत आली. तिला असं मी कधी पाहिलं नव्हतं. तोंडावर रक्ताचा थेंब नव्हता.

"चाल," ती म्हणाली. "तुले हाडं समजतात. चाल लवकर."

अंगणात अर्धं गाव जमलं होतं. म्हातारी खाटेवर उठून बसली होती आणि तिच्या मांडीवर पांढऱ्या फडक्यात एक लांब हाड होतं. ती त्याच्यावरून हात फिरवत होती.

"पायाचं हाय," ती सगळ्यांना सांगत होती. "हाच पाय मी तेल लावून चोळला. चालाले उशीर लागला होता ना त्याले. हाच पाय."

मी तिच्यासमोर बसले आणि हात पुढे केले. तिनं ते माझ्या हातांवर ठेवलं. ठेवताक्षणी मला कळलं. एवढ्या आकाराच्या हाडाला एवढं वजन नसतं. मी नखानं हळूच टिचकी मारली. चिनी मातीच्या कपासारखा आवाज आला. एका टोकाला चुनखडीची गाठ चिकटली होती, तिच्यात खडे पक्के रुतलेले. एखाद्या जुन्या हरणाचं नाही तर रानबैलाचं असावं. ज्याच्यासाठी दोन हंगाम वाळू चाळली ते माझ्या हातात होतं, आणि खोटं कशाला बोलू, माझ्या तोंडावर हसू फुटलं. मी मान वर केली तर म्हातारी टक लावून माझ्या तोंडाकडे बघत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आजी," मी म्हणाले, "हे माणसाचं नाही. हे फार जुनं आहे. हे दगड झालेलं आहे."

"डोहातच सापडलं नं," परसराम म्हणाला. "जेथी डोंगी सापडली तेथीच."

"दरड ढासळली त्यातून पडलं असेल. ही गाठ बघा, परसरामभाऊ. तीन वर्षांत अशी गाठ धरत नाही."

"नदीचं कोनी सांगावं?" तो माझ्यावर चिडला नव्हता, नुसता थकलेला होता. "बाई, राग मानू नका. तुमी दोन साल झाले हाड पायजे, हाड पायजे करता. आता हाड निंगालं तर थे तुमचंच हाय मनता. आमी काय समजाचं?"

त्याच्या जागी मी असते तरी हेच म्हणाले असते.

सगळ्यांच्या मागे इंद्रकला उभी होती. ती पुढे आली आणि माझ्याशेजारी उकिडवी बसली. हाडाला तिनं हात लावला नाही.

"तुले पक्कं मालूम हाय?" तिनं विचारलं.

"जवळजवळ."

"जवळजवळ मंजे काय? कुंकू जवळजवळ पुसता येते काय?"

मी हळू आवाजात म्हणाले, "एक छोटा कपचा काढून निखाऱ्यावर धरला तर..."

म्हातारीनं झडप घालून हाड माझ्या हातातून घेतलं आणि छातीशी धरलं. "माया लेकराचं हाड फोडता? मेल्यावर बी फोडता त्याले?" ती अशी रडायला लागली की बायकांनी तिला धरलं. "इंद्रे, पाया पडतो तुया. जाऊ दे त्याले. तीन साल झाले ओल्या अंगानं उभा हाय थो. जाऊ दे!"

इंद्रकला चुलीकडे बघत होती. सकाळचे निखारे अजून राखेखाली असतील. मला वाटलं ती उठून म्हातारीच्या हातातून ते हाड हिसकावून घेईल. पण ती खाटेजवळ गेली, सासूचे डोळे पदरानं पुसले आणि म्हणाली, "राहू द्या आत्याबाई. कोनी फोडत नाई. उद्या पुरं हाड आगीतच जाते ना?"

हे म्हणताना ती माझ्याकडे बघत होती.

गावाला वाटलं बाई शेवटी कबूल झाली. कुणीतरी हुंदका दिला, परसराम भिंतीला टेकून खाली बसला. काय कबूल झालंय हे त्या अंगणात फक्त मला समजलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोहाजवळच्या वाळूवर पळसाच्या पानांचा पुतळा केला. माणसाएवढा, हात, पाय, डोकं सगळं. छातीवर ते हाड. म्हातारीनं हट्टानं खाट नदीवर आणवली. बायका वरच थांबतात, तशी रीत. पण इंद्रकला खाली उतरली.

"वयनी, तुमी वर थांबा," परसराम म्हणाला.

"मी उभी राहीन. नाई तर मी हे पुसत नाई," तिनं कपाळाकडे बोट दाखवलं.

चार म्हातारे कुजबुजले. शेवटी एकानं मान हलवली. तिच्यासोबत म्हणून मलाही कुणी हटकलं नाही.

परसरामनं तुपाची वाटी उचलली तशी ती पुन्हा बोलली. "भाऊजी, तूप टाकू नका."

"काहून?"

"त्याइले तुपाचा वास खपत नव्हता. तुमाले मालूम हाय."

परसराम थांबला. खरंच असावं, कारण त्याचे डोळे भरून आले आणि त्यानं वाटी बाजूला ठेवली. नवऱ्याच्या आवडीनिवडी शेवटपर्यंत जपणारी बाई म्हणून लोक हळहळले. मी मात्र बघत होते. तिला त्या धुरात दुसरा कसलाही वास नको होता.

आग दिली. पळसाची पानं तडतडली, मग काटक्यांनी पेट घेतला. वारा नदीकडून गावाकडे होता. धूर जिकडे जात होता तिकडे इंद्रकला चालत गेली आणि नेमकी त्या धुरात जाऊन उभी राहिली.

"वो, तिले मांगं घ्या! गुदमरन ती!" कुणीतरी ओरडलं.

ती सरली नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, खोकत होती, पण पदर नाकाला लावला नाही. श्वास घेत होती. मी तिच्यापासून थोडी मागे उभी होते आणि मीही श्वास घेत होते. त्या घटकेला मला हाड नको होतं, थराचं वय नको होतं, नागपूरला काय दाखवायचं ते नको होतं. माझं ज्ञान आज खोटं ठरू नये, एवढंच मी मागत होते. हाडाचा विषय निघाला त्या संध्याकाळी मी केवढ्या तोऱ्यात बोलले होते! वास आला असता तर त्या बाईच्या आयुष्यातली शेवटची आशा मी हसत हसत शिकवलेल्या गोष्टीनं जळाली असती.

पानं जळाली. काटक्या जळाल्या. विस्तवात ते हाड आधी काळं पडलं, मग एका बाजूनं राखाडी झालं. टक्क करून त्याला एक चीर गेली. धुराला पानांचा वास होता, लाकडाचा होता, ओल्या वाळूचा होता. बस्स.

इंद्रकलेनं वळून माझ्याकडे बघितलं. मी 'नाही' म्हणून मान हलवली.

आता ती बोलेल, मला वाटलं. आता सगळ्यांसमोर सांगेल. तेवढ्यात खाटेवरून म्हातारीचा आवाज आला. तो खणखणीत आवाज पार बारीक झाला होता.

"इंद्रे! झालं का वो? सुकला का माया डोमा?"

इंद्रकला धुरातून बाहेर आली. तोंड काजळलेलं, डोळे लाल. ती खाटेपाशी गेली, खाली बसली आणि सासूचा हात हातात घेतला.

"सुकला, आत्याबाई," ती म्हणाली. "कोरडा झाला. गेला."

"मागं पाह्यलं काय त्यानं?"

"नाई पाह्यलं. सरका समोर गेला."

म्हातारीनं डोळे मिटले. इंद्रकला उठली, लुगड्यासकट कमरेएवढ्या पाण्यात गेली, ओंजळीनं पाणी घेतलं आणि कपाळ धुतलं. म्हातारी बघत होती, म्हणून तिनं ते चांगलं घासून धुतलं. वरून बायकांचं रडणं सुरू झालं. मीही रडले. कशासाठी ते तेव्हा मला सांगता आलं नसतं.

त्या संध्याकाळी उंबऱ्यावर धोतर ठेवलं गेलं नाही. म्हातारी पोटभर जेवली, कालवण मागून घेतलं. दिवा लागला तेव्हा दाराकडे तिनं एकदाही पाहिलं नाही. पुढचा आठवडाही ती पुरता बघू शकली नाही. झोपेतच गेली. तिच्या तोंडावर इतकी स्वस्थता होती की बायका म्हणाल्या, असं मरण मागून मिळत नाही.

मी माझं सामान बांधायला घेतलं. लाकडं होती, ती पुरेशी होती. हाड राखेबरोबर नदीत गेलं असणार हे मी गृहीत धरलं होतं, आणि खरं सांगते, मला त्याचं दुःख नव्हतं. इंद्रकलेला भेटायला जायचा मला धीर होत नव्हता. उघड्या कपाळाची इंद्रकला मला बघवली नसती.

म्हातारीचा तेरावा झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी घाटावर शेवटची उतरले. त्या खोडाचं मोजमाप घ्यायचं राहिलं होतं. मागून आवाज आला.

"वो चाटूबाई! न भेटता पळून चालली काय?"

मी वळले. कमरेवर धुण्याचं गाठोडं. कपाळावर ठसठशीत कुंकू.

मी तिच्या कपाळाकडे बघत राहिले. ती माझ्याकडे बघून गालात हसली.

"अशी काहून पाहतं? त्या दिवशी वास आला होता काय तुले?"

"नाही."

"मंग?"

"पण गाव... लोक काय म्हणतील?"

"मनू दे. चार दिवस मनतीन." ती गाठोडं सोडायला लागली. "आत्याबाई होत्या तवरिक त्याइच्यासाठी पुसलं. आता कोनासाठी पुसू?"

"आणि परसरामभाऊ?"

"काल लावलं तवा त्याइनं पाह्यलं. काई बोलले नाई. मंग मनाले, वयनी, डांगराचं बी भिजू घाला, एक वाफा दादाच्या नावाचा बी लावू." तिनं गाठोड्यातून फडक्यात बांधलेलं काहीतरी काढून माझ्या हातात ठेवलं. ते जड होतं, हे फडकं सोडायच्या आधीच माझ्या हाताला कळलं.

"राख सावडाच्या दिवशी काढून ठेवलं. नदीत राख देल्ली. हे तुयं हाय," ती म्हणाली. "मायं नाई."

ते हाड आजही आमच्या विभागाच्या काचेच्या कपाटात आहे. एका बाजूनं काळं, मध्ये एक चीर. मी कधी गेले की नवी मुलं विचारतात, मॅडम, हे जळलेलं कसं? मी म्हणते, तपासताना जळलं. यात खोटं काही नाही.

तेव्हा मात्र मी ते हातात घेऊन नुसती उभी होते. मला तिचे पाय धरावेसे वाटत होते, आणि ते तिला मुळीच आवडलं नसतं.

"पाहून काय राह्यली?" ती म्हणाली. "चाटून पाह्य ना!"

मी वाळूत गुडघे टेकले आणि जीभ लावली. राखेची चव आली आणि मग त्यानं जीभ घट्ट धरली.

"धरलं?"

जीभ अडकलेली, म्हणून मी नुसती मान हलवली. ती पोट धरून हसली, त्या पहिल्या दिवशी हसली होती तशीच. मग लुगडं भिजवून ती त्या दगडी खोडावर आपटायला बसली.

पलीकडच्या पांदणीवर एक माणूस दिसला. डोक्याला फडकं बांधलेलं, खांद्यावर काहीतरी. तिचा हात थांबला. तो माणूस पाण्यापर्यंत आला, हातपाय धुतले, आणि काठाकाठानं दुसऱ्या गावाकडे निघून गेला. तो दिसेनासा होईपर्यंत ती बघत होती. मग तिनं लुगडं पिळलं आणि दुसरं कापड घेतलं.